तिन्ही घड्याळांची एकच साक्ष

१

मथुराबाई सिरसाट होनवाडीच्या सहकारी सूतगिरणीच्या सभागृहात शिरल्या, तेव्हा भिंतीवरच्या विजेच्या घड्याळात तीन वाजून चार मिनिटं झाली होती. त्यांनी हातातला उमेदवारी अर्ज टेबलावर ठेवला. निवडणूक अधिकारी देशमाने यांनी तो बोटानं परत सरकवला.

"बाई, अर्ज तीनपर्यंतच घ्यायचे होते. वर चार मिनिटं झाली."

"कशी होतील? पावणेतीनच्या गाडीनं आले म्या. फाट्यावर उतरले ती थेट हितं. पाच मिनिटांची वाट हाय."

"गाडी उशिरा आली असेल."

"कंडक्टरला इचारून उतरले, साहेब."

"कंडक्टरच्या घड्याळावर निवडणूक चालत नाही. ते बघा." देशमान्यांनी भिंतीकडं बोट केलं. "सकाळी अकराला रेडिओच्या ठोक्यावर सगळ्यांदेखत लावलंय. काचेला लाखेचं सील मी स्वतः केलंय. कुणी हात लावलेला नाही."

शहाऐंशी सालचा उन्हाळा होता. सलग दुसऱ्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती. तलावात जे काही पाणी उरलं होतं, ते गिरणीचा पंप ओढून घेत होता, कारण हवा कोरडी पडली की सूत तुटतं आणि सूत तुटलं की गिरणी बसते. तलावाखालच्या बौद्ध वस्तीची विहीर मात्र चैतातच तळाला गेली होती. संचालक मंडळात वस्तीचं बोलणारं एक तरी माणूस असावं म्हणून दोन एकर कापसाच्या धनी असलेल्या मथुराबाई राखीव जागेला उभ्या राहत होत्या. त्याच जागेवर चेअरमन नानासाहेबांनी आपला एक माणूस आधीच उभा केला होता. बाईंचा अर्ज गेला की तो माणूस बिनविरोध.

दाराशी गिरणीचा टाइमकीपर बब्रुवान ओव्हाळ उभा होता. तीनचा भोंगा त्यानंच दिला होता. देऊन परत आला, तेव्हा देशमाने आपल्या मनगटी घड्याळाची चावी फिरवत बसलेले त्यानं पाहिले होते.

मथुराबाई वळल्या. त्यांची नजर बब्रुवानवर थांबली.

"बब्रू, घड्याळ तूच लावलंस ना?"

"व्हय अक्का."

"आन् पावणेतीनच्या गाडीनं आलं तरी चालंल, म्हणून तूच सांगितलं हुतंस ना?"

"व्हय, पन अक्का..."

"गाडीतनं पाय खाली ठेवला आन् तुझा भोंगा वाजला." त्यांचा आवाज चढला नाही; उलट खाली गेला. "मला वाटलं हुतं, एवढ्या गिरणीत आपला एक मानूस हाय."

बब्रुवान पुढं आला. त्यानं देशमान्यांना हात जोडले. "साहेब, घड्याळ एकदा तपासा. सगळ्यांसमोर."

देशमाने ताठ होते, पण वाकडे नव्हते. त्यांनी खोलीला कुलूप घालून किल्ली खिशात ठेवली. संध्याकाळी सातच्या बातम्यांना सगळे पुन्हा जमले. टेबलावर ट्रान्झिस्टर ठेवला. सील जसंच्या तसं होतं. ठोके पडले आणि शेवटच्या ठोक्याला घड्याळाचा सेकंदकाटा बरोबर बारावर आला. सुताचाही फरक नाही.

देशमान्यांनी मनगटाकडं पाहिलं, घड्याळावर दोनदा टिचकी मारली, वैतागून ते काढलं आणि बॅगेत टाकलं.

"झालं समाधान? अकराला बरोबर, सातला बरोबर. मधे तीनला चूक कसं असेल?" ते म्हणाले. "तरी लेखी हरकत द्या. बुधवारी अकराला छाननी आहे. पुरावा असेल तर तोवर आणा."

मथुराबाईंनी हरकत लिहून अर्जासोबत टेबलावर ठेवली आणि त्या निघून गेल्या. कुणीतरी मागं हसलं. बब्रुवान त्या घड्याळाकडं बघत राहिला. घड्याळ बरोबर होतं. आणि मथुराअक्का उभ्या जन्मात खोटं बोललेली नव्हती.

२

मंगळवारी सकाळी बब्रुवान कामावर निघाला, तर वस्तीतल्या एकानंही त्याला जय भीम घातला नाही. पारावरची माणसं तो जवळ येताच गप्प झाली. बायको लक्ष्मीबाई दारात उभी होती, ती म्हणाली, "विहिरीवर बाया म्हनत्यात, बब्रुवाननं वेळ इकली."

"तुला काय वाटतं?"

"मला वाटून काय हुतंय? दाखवा त्यास्नी."

बब्रुवान अकरा वर्षं टाइमकीपर होता. गिरणीत तीन घड्याळं होती: एक फाटकावर, एक त्याच्या खोलीत हजेरीच्या कार्डावर वेळ छापणारं आणि एक सभागृहात. ज्याच्या हाताखाली तीन घड्याळं, त्यानं मनगटावर चौथं कशाला बांधायचं, म्हणून त्यानं स्वतःचं कधी घेतलंच नाही. काल तीनला तिन्ही घड्याळं एकच वेळ दाखवत होती, हे त्यानं भोंगा द्यायला जाता-येता डोळ्यांनी पाहिलं होतं. एक घड्याळ बिघडेल. तिन्ही एकदम, एकाच मापानं बिघडतील?

आधी तो हेडक्लार्क कल्याणप्पांकडं गेला. सभागृहाच्या किल्ल्या त्यांच्याकडं असत, लाखही त्यांच्याच कपाटातली. शिवाय ते चेअरमनच्या मर्जीतले.

"माझ्यावर संशय घेतो काय रे?" कल्याणप्पांनी चष्मा कपाळावर चढवला. "अकरापासून साहेबांसमोर बसलो मी. पाण्याला उठलो एकदा, तेही शिपायाला बसवून. सील साहेबांच्या अंगठीचं आहे. ती अंगठी मी कुठून आणू?"

"तसं न्हाय अप्पा. तुमाला काय येगळं दिसलं का, तेवढं सांगा."

कल्याणप्पांनी विचार केला. "वेगळं म्हणजे, पंख्याचा वारा फार लागत होता. कागद उडत होते. दगड ठेवावे लागले. बाकी काही नाही. आणि साहेबांचं घड्याळ बिघडलेलं. ते म्हणालेच, 'आमचं मागं पडलंय,' म्हणून लावून घेतलं त्यांनी."

बब्रुवान तिथून सूत कातायच्या खात्यात गेला. काल वीजकपातीचा दिवस होता, सकाळपासून गिरणी स्वतःच्या डिझेल इंजिनाच्या विजेवर चालली होती. साच्यावरची, म्हणजे कातणीच्या यंत्रावरची रुद्रम्मा बोटाला चिंधी बांधून धागे सांधत होती.

"बोटाला काय झालं, रुद्रम्माक्का?"

"काल कापलं. धागा धरू देईना की. अकरापासनं जे तुटाय लागलं, ते तुटतच राहिलं. सगळे म्हनले हवा कोरडी हाय, दुष्काळ हाय."

"मग? दिवसभर असंच?"

"न्हाय बा. मी दुसऱ्या पाळीला बी थांबले हुते. तीननंतर साचा म्हाताऱ्या बैलावानी चालला. एक धागा तुटंना."

"तीननंतर हवा वली झाली व्हय?"

रुद्रम्मा हसली. "चारच्या उन्हात हवा वली हुती का कुठं?"

धागा हवेनं तुटत नव्हता, म्हणजे साचाच जोरात पळत असणार, असं बब्रुवानला वाटलं. तो साच्याला लावलेल्या मोजणीच्या चक्रीकडं धावला. साच्यातून किती लांब सूत निघालं हे ती चक्री मोजते आणि जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, दर तासाला तो आकडा पाटीवर लिहितो. साचा जोरात पळाला असेल तर तासाचं सूत जास्त निघायला हवं. कालची पाटी अजून पुसलेली नव्हती. त्यानं एक-एक आकडा वाचला.

सगळे तास सारखे. रोजच्याइतकेच. तीनच्या आधी तेवढंच, तीनच्या नंतरही तेवढंच.

तो खाली बसला. आता चौथी साक्ष निघाली होती, आणि तीही अक्काच्या विरोधात.

३

दुपारची सुट्टी झाली तशी तो इंजिनघराकडं वळला. अवघड वेळेला त्याचे पाय तिकडंच वळत. इंजिन ड्रायव्हर आबाराव आणि तो एकाच दिवशी गिरणीत लागले होते. आबाराव माळावरच्या वाडीचा, मराठा घरातला. पण अकरा वर्षांत त्यानं बब्रुवानच्या घरी शंभरदा भाकरी खाल्ली होती. लक्ष्मीबाईला तो वहिनी म्हणे. बब्रुवानच्या पोरीच्या लग्नात मांडवाचे दिवे त्यानंच लावले होते.

"आबा, कायच उमगंना बघ," बब्रुवान म्हणाला. "घड्याळ बरोबर, सील बरोबर, आन् अक्का बी बरोबर."

आबाराव इंजिन पुसत होता. आज वीज असल्यामुळं ते बंद होतं. "मथुराबाईचं वय झालंय, बब्र्या. गाडी उशिरा आली आसंल. तू कशाला जिवाला लावून घेतो?"

"वस्ती म्हनती म्या इकला गेलो."

आबारावचा हात क्षणभर थांबला. "म्हनू दे," तो म्हणाला. "लोकं इसरत्यात."

दरवेळी आबा खांद्यावर हात टाकी. आज त्यानं पाठ वळवली नव्हती, पण तोंडही वर केलं नव्हतं. बब्रुवानला वाटलं, दमला असेल.

अर्धा दिवस रजा टाकून तो नळदुर्गला गेला. किल्ल्याच्या वाटेवर एका घड्याळजी चाचांचं दुकान होतं. गिरणीत जुनी चावीची घड्याळं होती, तेव्हापासून बब्रुवान त्यांच्याकडं जाई. त्यानं सगळी हकिगत सांगितली. चाचांनी डोळ्याची काच काढली, मागच्या फळीवरून तसलंच एक विजेचं घड्याळ उतरवलं आणि त्याचं पोट उघडलं.

"देखो बब्रुवान. इसमें स्प्रिंग दिसती क्या? लोलक? डोलणारं चाक?"

"न्हाय."

"तर मग वेळ मोजतं कोण?"

बब्रुवाननं वाकून आत पाहिलं.

"ये घड्याळ खुद कुछ नहीं मोजता, बाबा. वीज एका सेकंदात पन्नास हिसके देती. हे पन्नास हिसके मोजतं आणि म्हणतं, झाला एक सेकंद. हिसके त्रेपन्न आले तरी ह्याला पन्नासच मोजायचे माहीत. सेकंद जल्दी भर गया, काटा पुढं पळाला. ह्याला काय ठाऊक, बाहेर खरा वक्त किती झाला ते."

"आन् हिसके कोण देतं?"

"सरकारी वीज असेल तर दूरचं मोठं पॉवरहाऊस. नाहीतर..." चाचांनी त्याच्याकडं रोखून पाहिलं. "तुमच्याकडं इंजिन आहे ना?"

बब्रुवाननं बोटांवर एक-एक मोजलं. तिन्ही घड्याळं एकाच तारेवर होती. पंखा त्याच तारेवर. साचाही त्याच तारेवर. इंजिन जोरात पळवलं की साचा जोरात पळणार, सूत जास्त निघणार. पण घड्याळाचा तासही तेवढाच आखूड होणार. म्हणून पाटीवरचा तासाचा आकडा हलला नाही. चारही साक्षीदार एकाच आडाचं पाणी पीत होते. ते एकमेकांशी जुळले म्हणून खरे ठरत नव्हते.

"चाचा, सेकंदाला त्रेपन्न हिसके दिले, तर अकरा ते तीनमधी घड्याळ किती पुढं जाईल?"

चाचांनी दुकानाच्या फळीवर खडूनं गणित केलं. "तासाला साडेतीन मिनिटांच्या वर. चार तासांत चौदा."

तीन वाजून चार मिनिटांतून चौदा मिनिटं गेली तर राहतात दोन पन्नास. फाट्यावर पावणेतीनला उतरलेलं माणूस बरोबर तेवढ्यालाच सभागृहात पोचतं.

"आन् सातला परत जागेवर कसं आलं?"

"तेवढाच वेळ इंजिन मंद चालवलं की आपोआप मागं येतं. सील तोडायचं काम नाही. ज्यानं केलं, हुशार आहे तो."

परतीच्या गाडीत बब्रुवान खिडकीला डोकं टेकून बसला. बाहेर जळकोटची शेतं उघडीबोडकी पडली होती. हे कसं झालं, ते त्याला कळलं होतं. कुणी केलं, हे मनातल्या मनातही उच्चारायला तो तयार नव्हता. तीनला इंजिनाची पाळी बदलते. सकाळी आबा, दुपारनंतर बिराप्पा. आधी पळवणारा एक आणि मग मंद करणारा दुसरा, असं असेल तर कट दोघांचा, मग तो कुणी मोठ्यानं रचलेला. आबाला कुणी नुसता हुकूम दिला असेल. आबाला ठाऊकही नसेल, कशासाठी ते.

अशी त्यानं स्वतःची समजूत घातली.

४

गिरणीत पोचताच त्यानं सोमवारची हजेरीची कार्डं काढली. अकरा वर्षं तो ही कार्डं लावत आला होता, पण एखाद्याचा माग काढायला कधी वाचली नव्हती.

बिराप्पाच्या कार्डावर सोमवारचा रकाना कोरा होता.

आबारावच्या कार्डावर आत आल्याची वेळ सकाळी सहा पंचावन्न. बाहेर गेल्याची, संध्याकाळी सात दहा.

बिराप्पाचं घर गिरणीच्या कुंपणाला लागून होतं. पाळीला अजून वेळ होता म्हणून तो अंगणात बाज विणत बसला होता. "बरं न्हवतं व्हय सोमवारी?" बब्रुवाननं विचारलं.

"मला काय धाड भरली? आबानंच सांगितलं, तुझी पाळी म्या करतो, घरी ऱ्हा. म्या म्हनलं, बरंच झालं, बाज तरी विणून हुईल."

"कवा सांगितलं?"

"रविवारी. सांजच्याला."

रविवारी संध्याकाळी! त्याच संध्याकाळी लिंबाखाली बसून बब्रुवाननं आबारावला सांगितलं होतं, की मथुराअक्काचा अनुमोदक ऐनवेळी फिरला, उद्या सकाळी ती जळकोटात दुसऱ्याची सही घेऊन पावणेतीनच्या गाडीनं येणार. आबारावशिवाय हे आणखी कुणाला ठाऊक नव्हतं. लक्ष्मीबाईलाही नाही. चौदा मिनिटं पुरतील, हे आबारावला कळलं ते बब्रुवानच्याच तोंडून.

तो इंजिनघरात गेला तेव्हा आबाराव डबा बांधून निघायच्या बेतात होता. बब्रुवाननं दोन्ही कार्डं त्याच्यासमोर तेलाच्या पिंपावर ठेवली. आबारावनं ती उचलली नाहीत. लांबूनच बघितली.

"नळदुर्गला गेलतास," तो म्हणाला.

"व्हय."

"मला वाटलंच, तू चाचाकडं जाशील."

बब्रुवानला वाटत होतं, आबा नाही म्हणेल, भांडेल, शपथ घेईल. त्यानं यातलं काहीच केलं नाही, हेच फार लागलं.

"का केलंस, आबा?"

"नानासाहेबांनी बोलावलं हुतं." आबाराव पिंपाला टेकला. "म्हनले, बाई आली मंडळावर की पंप वस्तीकडं वळवाय लावनार. मग वाडीला टँकर कुठनं देऊ? तू बघितलंस का आमच्या वाडीत कसं पानी पित्यात? धोतराच्या चार पदरांतनं गाळून बी गाळ येतो. थोरल्याचं पोरगं आठ दिस हगवणीनं पडलंय."

"मला सांगायचं हुतंस."

"सांगून तू काय केलं असतंस?"

"अक्काकडं गेलो असतो. वस्तीसंगं वाडीचं बी पानी मागा म्हनलो असतो."

आबाराव हसला. त्या हसण्यात ओशाळेपण होतं आणि थोडा रागही. "तुमची बाई आमच्या वाडीसाठी भांडली असती व्हय, बब्र्या?"

तुमची. आमची. अकरा वर्षांत आबाच्या तोंडून हे दोन शब्द असे समोरासमोर उभे राहिलेले बब्रुवाननं ऐकले नव्हते. ते कुठंतरी आत होतेच का? भाकरीचा तुकडा मोडताना, मांडवाचे दिवे लावताना?

"घड्याळ लावलं म्या," तो म्हणाला. "भोंगा दिला म्या. अक्कानं बोट दावलं ते माझ्याकडं. तुला ठाऊक हुतं, हे सगळं माझ्यावर येनार."

"तुझ्यावर कसं येईल? सातला घड्याळ बरोबर लागनारच हुतं. म्या म्हनलं, घड्याळ बरोबर निघालं म्हंजे तू सुटला." आबाराव तळमळून म्हणाला. "तुला वाचवायसाठीच तर म्या दुसरी पाळी केली."

"आन् अक्का खोटी पडली, त्याचं?"

आबारावनं डब्याची गाठ पुन्हा आवळली. बब्रुवाननं कार्डं उचलून खिशात ठेवली.

"उद्या तू हे साहेबाला दावणार," आबाराव म्हणाला. "माझी नोकरी जाईल."

बब्रुवान दारापर्यंत गेला. मागं न बघता म्हणाला, "उद्या इंजिनावर तूच ऱ्हा. पळून जाऊ नको. एवढं तरी कर."

५

बुधवारी पुन्हा वीजकपात होती. अकराला सभागृह भरलं. मथुराबाई एका टोकाला बसल्या होत्या, बब्रुवानकडं न बघता. नानासाहेब पांढऱ्या टोपीत, शांत.

"पुरावा?" देशमान्यांनी विचारलं.

बब्रुवान पुढं झाला. "साहेब, आधी एक इचारू? सोमवारी तीनला तुमचं घड्याळ किती मागं हुतं?"

देशमाने चपापले. "तेरा-चौदा मिनिटं. मी भिंतीवरच्याशी जुळवून घेतलं."

"आन् सातला?"

"सातला ते चौदा मिनिटं पुढं पळालेलं. म्हणून तर बॅगेत टाकलं. जुनं झालंय."

"काल?"

"काल मी ते रेडिओवर लावलं." देशमाने हळूहळू बोलू लागले. "तेव्हापासून... बरोबर आहे."

"चावीचं घड्याळ चार तासांत चौदा मिनिटं मागं पडलं, मग चार तासांत चौदा पुढं गेलं आन् मग आपोआप सुधारलं. असं कुठं असतंय का, साहेब? तुमचं घड्याळ कधी बिघडलंच न्हवतं. त्या दिवशी ह्या खोलीत इंजिनाच्या विजेवर चालत न्हवतं असं ते एकटंच घड्याळ हुतं."

सभागृहात कुजबुज उठली. बब्रुवाननं पंख्याचं, रुद्रम्माच्या धाग्यांचं, पाटीवरच्या आकड्यांचं सगळं सांगितलं. मग म्हणाला, "माझ्यावर इस्वास ठेवू नका. इंजिनघरात सांगा, वेग वाढवा म्हनून. आन् तुमचं घड्याळ टेबलावर ठेवा."

नानासाहेब म्हणाले, "छाननीत असले खेळ चालतात काय?"

"चालतात," देशमाने म्हणाले आणि चिठ्ठी लिहून शिपायाला पाठवलं.

थोड्या वेळानं इंजिनाचा आवाज बदलला. पंखा घोंघावू लागला, टेबलावरचे कागद फडफडले. कल्याणप्पांनी नकळत दगड पुढं ओढला. देशमाने मनगटी घड्याळावर डोळे लावून बसले. भिंतीवरचं कल्याणप्पा मोठ्यानं वाचत होते. दोन्ही सेकंदकाटे एकदम बारावरून सुटले. भिंतीवरचा फेरी पुरी करून आला, तेव्हा टेबलावरचा साडेतीन सेकंद मागं होता. दुसऱ्या फेरीला सात. तिसऱ्या फेरीला देशमान्यांनी हात वर केला.

"पुरे."

त्यांनी घड्याळ मनगटावर बांधलं. मग त्यांनी विचारलं, "सोमवारी इंजिनावर कोण होतं?"

बब्रुवानचा हात खिशात गेला. कार्डाची कड अंगठ्याला लागली. मथुराबाईंनी पहिल्यांदाच मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. त्यानं कार्डं टेबलावर ठेवली. नाव घेतलं नाही. ते कार्डावर छापलेलं होतं.

आबाराव शिपायाबरोबर आला आणि दाराशी थांबला. देशमान्यांनी विचारायच्या आधीच म्हणाला, "म्या केलं, साहेब."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

आबारावनं नानासाहेबांकडं पाहिलं. नानासाहेबांनी टोपी नीट केली. "मला यातलं काही ठाऊक नाही. एखादा ड्रायव्हर दारू पिऊन काय करील, त्याला मंडळ काय करणार?"

आबारावनं आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. ते बब्रुवानइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. ओठांवर आलेलं वाक्य त्यानं गिळलं आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

देशमान्यांनी मथुराबाईंचा अर्ज पुढं ओढला, त्यावर 'दोन वाजून पन्नास मिनिटांनी दाखल' असं लिहिलं आणि खाली सही केली.

बाहेर पडताना मथुराबाई बब्रुवानजवळ थांबल्या. "बब्रू, चारचौघांत बोलले म्या तुला."

"तुमचं काय चुकलं, अक्का? घड्याळ माझंच हुतं."

"त्यो तुझा दोस्त ना?"

"हुता," बब्रुवान म्हणाला.

६

मथुराबाई एकवीस मतांनी निवडून आल्या. पहिल्याच बैठकीत त्यांनी ठराव मांडला आणि भांडून मंजूर करून घेतला: पंप रोज चार तास वस्तीच्या विहिरीत पाणी सोडील. नानासाहेबांचं कुणी काही वाकडं केलं नाही. आबारावला मात्र कामावरून काढलं, आणि निवडणूक होऊन आठवडा उलटायच्या आत नानासाहेबांनी वाडीला सुरू केलेला टँकर बंद झाला. ज्याच्यासाठी तो दिला जात होता, ते काम संपलं होतं.

एका सकाळी बब्रुवान विहिरीवर पाणी शेंदत होता. वाडीच्या पायवाटेनं एक बाई दोन रिकाम्या घागरी घेऊन येताना दिसली. विहिरीपासून वीस पावलांवर येऊन ती थबकली. आबारावची बायको चांगुणा. वाडीतलं माणूस या विहिरीवर पाण्याला आलेलं वस्तीतल्या म्हाताऱ्यांनीही कधी पाहिलं नव्हतं. बायांचे हात रहाटावर थांबले. एक जण पुटपुटली, "आता बरी वाट गावली."

चांगुणा तिथंच उभी राहिली. पुढंही येईना, मागंही जाईना. पदरानं तिनं तोंड झाकून घेतलं होतं.

बब्रुवाननं भरलेली बादली कठड्यावर ठेवली. ती ओतून द्यावी आणि निघून जावं, असं त्याला वाटलं. मग तो चालत गेला, तिच्या हातातून घागरी घेतल्या आणि परत येऊन एक-एक करून भरल्या. बाया बाजूला झाल्या.

त्यानं घागरी तिच्यापुढं ठेवल्या तेव्हा चांगुणाचे डोळे भरले होते. "भावजी," ती म्हणाली, "त्यांनी सांगितलंय, एकडाव तुमची गाठ..."

"वहिनी," बब्रुवाननं तिला थांबवलं, "पानी रोज न्या. सकाळी बी या, सांजच्याला बी या. कुनी आडवलं तर माझं नाव सांगा."

तो रहाटाकडं वळला.

"पन त्याचं नाव माझ्यापुढं काढू नका."

चांगुणानं एक घागर डोक्यावर घेतली, दुसरी कडेवर, आणि ती वाडीच्या चढाला लागली. बब्रुवाननं बादली पुन्हा विहिरीत सोडली.